‘फर्मेंटेड’ लिहिलंय म्हणून घ्यायचं का? बाटलीला विचारायचे पाच प्रश्न

(आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलं आहे.)



आजचा विषय एका व्हॉइस नोटमधून आला. नाशिकच्या एक श्रोत्या काकू म्हणतात, ‘‘लेक सुट्टीला घरी आली ती एक बाटली घेऊन. 100 मिलीची, 2,700 रुपयांना. वर लिहिलंय, फर्मेंटेड राइस एसेन्स. मी म्हटलं, अगं, तांदूळ भिजवून, वाटून, आंबवायचं काम मी 30 वर्षं करतेय, मला कुणी 2,700 दिले नाहीत. तर म्हणते, आई, ते वेगळं असतं. काय वेगळं असतं, ते जरा सांगा.’’

मी आधी खूप हसले, आणि मग जरा गप्प झाले. कारण तीन वर्षांपूर्वी मीच अशी एक बाटली घेतली होती. गालांवर वांगाचे डाग दिसायला लागले होते. बाटलीवर ‘डाग उजळतात’ असं लिहिलेलं होतं, आणि आंबवलेलं म्हणजे नैसर्गिक, म्हणजे चांगलंच, असं मी मनाशी ठरवून टाकलं. आठ महिने रोज दोन वेळा लावलं. डाग काही हलले नाहीत. त्या आठ महिन्यांचं पुढे काय झालं, ते शेवटी सांगते. आधी काकूंचा प्रश्न.

काय वेगळं असतं?

काकू, तुमचं निम्मं बरोबर आहे. आंबवणं म्हणजे जिवाणू, यीस्ट किंवा बुरशी यांनी साखर, स्टार्च, प्रथिनं खायची आणि त्यातून दुसरेच पदार्थ तयार करायचे. तुमचं इडलीचं पीठ फुगतं ते वायूमुळे आणि आंबट होतं ते मुख्यतः लॅक्टिक आम्लामुळे. कारखान्यात हेच स्टीलच्या टाकीत चालतं. फरक एवढाच, की तिथे कोणता सूक्ष्मजीव घालायचा हे ठरलेलं असतं, तापमान नियंत्रित असतं, आणि आंबवून झालं की ते द्रावण गाळतात, जंतुमुक्त करतात, टिकवण्यासाठी त्यात प्रिझर्व्हेटिव्ह घालतात.

म्हणजे वेगळं असतं, हे लेकीचं म्हणणं खरं. पण वेगळं आहे म्हणून गुणकारी आहे, असं होत नाही. आजच्या भागातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: ‘फर्मेंटेड’ हा शब्द पदार्थ कसा तयार झाला ते सांगतो, तो काय करतो ते सांगत नाही. दही, पाव, व्हिनेगर, बिअर आणि पेनिसिलिन ही सगळी आंबवण्याचीच लेकरं. म्हणून पाव आंबवलेला आहे, तर तो तापावर चालेल, असं कुणी म्हणेल का?

आणखी गंमत सांगते. तुमच्या कपाटातल्या साध्यासुध्या जेलमध्येही आंबवून तयार केलेल्या गोष्टी असतात. हायल्युरॉनिक ॲसिड पूर्वी कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढायचे, आता ते बहुतेक करून जिवाणूंकडून तयार करून घेतात. जेल दाट करणारा झँथन गम जिवाणूंचाच. सायट्रिक ॲसिड लिंबातून नाही, एका काळ्या बुरशीच्या मदतीनं बनतं. पण त्या 200 रुपयांच्या जेलवर कुणी ‘फर्मेंटेड’ असं सोनेरी अक्षरात छापत नाही.

मी काकूंना म्हटलं, बाटलीच्या मागच्या यादीचा फोटो पाठवा. त्यांनी पाठवला. तोच समोर ठेवून पाच प्रश्न विचारू या.

पहिला प्रश्न: कुणी, काय आंबवलं?

पुढच्या बाजूला जे लिहिलंय ते जाहिरात, मागची यादी ती माहिती. त्यामुळे बाटली आधी उलटी करा.

काकूंच्या यादीत नाव आहे ‘लॅक्टोबॅसिलस/राइस फर्मेंट फिल्ट्रेट’. मधली ती तिरकी रेघ महत्त्वाची. रेघेच्या आधी आंबवणारा, म्हणजे सूक्ष्मजीव. रेघेनंतर जे आंबवलं ते, इथे तांदूळ. काही बाटल्यांवर तिरकी रेघच नसते, नुसतं ‘गॅलॅक्टोमायसीस फर्मेंट फिल्ट्रेट’ किंवा ‘सॅकॅरोमायसीस फर्मेंट’ असतं. म्हणजे यीस्टचं नाव कळलं, ती कशावर वाढवली ते नाही.

आणि एवढं वाचूनही आपल्याला फक्त कूळ कळतं. एकाच कुळातले दोन जिवाणू वेगवेगळे पदार्थ तयार करतात. ‘आंबा’ म्हटल्यावर हापूस की रायवळ ते कुठे कळतं? तसंच हे. ज्या कंपनीनं खरंच अभ्यास केलाय, ती बहुतेक वेळा नेमका वाण सांगते.

दुसरा प्रश्न: त्यातलं बाटलीत काय आलं?

इथे नावातला शेवटचा शब्द बघायचा. दही फडक्यात बांधून टांगलं की खाली पाणी गळतं आणि वर चक्का राहतो. फिल्ट्रेट म्हणजे साधारण ते खालचं पाणी, फक्त कितीतरी बारीक गाळलेलं. त्यात सूक्ष्मजीव नसतात, त्यांनी तयार केलेली आम्लं, अमिनो आम्लं, साखरेचे तुकडे असं काय काय असतं. लायसेट म्हणजे सूक्ष्मजीवांच्या पेशी फोडून केलेला अर्क. ‘बिफिडा फर्मेंट लायसेट’ हे नाव नाइट सीरमच्या यादीत पुष्कळदा दिसतं, ते यातलं.

आता ‘प्रोबायोटिक’ या शब्दाकडे येऊ. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या 2001 मधल्या व्याख्येनुसार प्रोबायोटिक म्हणजे पुरेशा प्रमाणात दिल्यावर आरोग्याला फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव. जिवंत, हा शब्द त्यात आहे. क्रीममध्ये प्रिझर्व्हेटिव्ह घालतात तेच मुळी काही जिवंत वाढू नये म्हणून. मग गाळलेलं पाणी किंवा फोडलेल्या पेशी असलेल्या डबीवर ‘प्रोबायोटिक क्रीम’ लिहिलं असेल, तर तो शब्द तिथे बसत नाही.

हल्ली त्याऐवजी ‘पोस्टबायोटिक’ म्हणतात. त्याचीही व्याख्या 2021 मध्ये या विषयातल्या शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं केली: निर्जीव सूक्ष्मजीव किंवा त्यांचे भाग, ज्यांचा फायदा दिसून आलाय. म्हणजे लायसेट त्यात बसू शकतं. पेशींचा अंशही न उरलेलं फिल्ट्रेट काटेकोरपणे बघितलं तर बसत नाही. आणि दोन्ही शब्दांना ‘फायदा दिसून आलाय’ ही अट आहेच, ती लेबल छापून पूर्ण होत नाही.

तिसरा प्रश्न: किती आहे?

आपल्याकडे कॉस्मेटिक्स रूल्स, 2020 नुसार घटकांची यादी उतरत्या प्रमाणात द्यावी लागते. जे 1 टक्क्याहून जास्त ते आधी, जास्तीकडून कमीकडे. मग 1 टक्का किंवा त्याहून कमी असलेले, कोणत्याही क्रमानं.

यात आपल्या कामाची एक खूण आहे. फिनॉक्सिएथेनॉल नावाचं प्रिझर्व्हेटिव्ह खूप ठिकाणी असतं. युरोपच्या नियमांत त्याची कमाल मर्यादा 1 टक्का आहे आणि नावाजलेल्या कंपन्या सर्वसाधारणपणे ती पाळतात. म्हणजे यादीत फिनॉक्सिएथेनॉलच्या नंतर जे जे येतं, ते 1 टक्का किंवा त्याहून कमी.

काकूंच्या बाटलीची यादी अशी: पाणी, ब्युटिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, नायसिनमाइड, मग दोन-तीन नावं, मग फिनॉक्सिएथेनॉल, आणि त्याच्यानंतर लॅक्टोबॅसिलस/राइस फर्मेंट फिल्ट्रेट. बाटलीच्या पुढच्या बाजूला ज्याचं नाव एवढं मोठं, तो आत फार तर 1 टक्का!

‘‘मग 90 टक्के फर्मेंट लिहिलेली बाटली घेऊ का?’’ हा पुढचा प्रश्न येणारच. तिथेही थांबा. फिल्ट्रेट हा स्वतःच मुख्यतः पाणी असलेला कच्चा माल आहे. त्यात विरघळलेला ऐवज किती, हे टक्केवारी सांगत नाही. उद्या मी म्हटलं, या तांब्यात 90 टक्के ताक आहे, तर त्यात दही किती आणि पाणी किती, हे तुम्हाला कळलं का? घट्ट ताकही ताकच आणि पाणचट ताकही ताकच. 90 हा आकडा खोटा नसेल, पण त्यावरून काही ठरवता येत नाही.

थोडक्यात, यादीत अगदी शेवटी असेल तर शंका घ्या, पहिलं असेल म्हणून लगेच विश्वास ठेवू नका.

चौथा प्रश्न: कुणावर तपासलं, आणि कशाच्या तुलनेत?

‘क्लिनिकली टेस्टेड’ या दोन शब्दांत बरंच काही लपतं. मी त्याच्या तीन पायऱ्या करते.

सगळ्यात खालची पायरी, काचेच्या बशीतल्या पेशी. तिथे फर्मेंट टाकलं आणि अमुक प्रथिन वाढलं. गॅलॅक्टोमायसीस फिल्ट्रेटवर असं बरंच काम झालंय, त्वचेचा अडसर मजबूत ठेवणाऱ्या फिलॅग्रिन या प्रथिनाबद्दल. काम चांगलं आहे, पण बशीतल्या पेशींवर ते थेट पडतं. तुमच्या गालावर वर मृत पेशींचा थर आहे, घाम आहे, ऊन आहे.

मधली पायरी, वापरणाऱ्यांचं मत. ‘इतक्या टक्के महिलांना त्वचा तजेलदार वाटली.’ वाटली! ग्लिसरीन लावूनही वाटते. तुलनेसाठी दुसरं क्रीम दिलं नसेल, तर ते वाटणं फर्मेंटमुळे की नुसत्या ओलाव्यामुळे, कसं कळणार?

वरची पायरी म्हणजे तुलना. निम्म्या लोकांना फर्मेंट घातलेलं क्रीम, निम्म्यांना तेच क्रीम पण फर्मेंट वगळून, आणि कुणाला काय मिळालं ते लावणाऱ्यालाही माहीत नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही.

असे अभ्यास आहेत, बरं का. म्हणून मी सगळंच थोतांड आहे असं म्हणणार नाही. 2008 मध्ये व्हिट्रिओसिला फिलिफॉर्मिस नावाच्या जिवाणूच्या 5 टक्के लायसेटचा अभ्यास आला. ॲटोपिक डर्मटायटिस, म्हणजे एक प्रकारचा खाजरा इसब असलेल्या 75 जणांवर तो केला होता, आणि साध्या क्रीमपेक्षा लायसेटवाल्यांना जास्त आराम पडला. 2010 मध्ये बिफिडोबॅक्टेरियम लाँगमच्या 10 टक्के लायसेटचा आला. चटकन चुरचुरणारी त्वचा असलेल्या 66 बायका, दोन महिने, दिवसातून दोनदा. त्यांच्या त्वचेची संवेदनशीलता कमी झाली.

आता यातलं नीट ऐका. दोन्ही अभ्यासांत कंपनीचे संशोधक होते. त्यामुळे ते खोटे ठरत नाहीत, पण आपण डोळे उघडे ठेवावेत. दोन्हीकडे नेमका एकच सूक्ष्मजीव, नेमकं प्रमाण, 5 आणि 10 टक्के. आणि दोन्हीकडे तपासली ती खाज, चुरचुर, संवेदनशीलता. डाग नाही, सुरकुत्या नाहीत. तुमच्या बाटलीत दुसराच जिवाणू असेल, तोही 1 टक्क्याच्या आत, आणि दावा डाग घालवण्याचा असेल, तर ते अभ्यास तुमच्या बाटलीचे नव्हेत. शेजारच्या मुलाला 95 टक्के मिळाले म्हणून आपल्या घरी पेढे वाटत नाहीत.

पाचवा प्रश्न: बाटलीत आणखी कोण आहे?

हा प्रश्न सगळ्यात उपयोगाचा. काकूंच्या यादीत चौथं नाव बघा, नायसिनमाइड. जीवनसत्त्व ब-3 चा एक प्रकार. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 50 महिलांनी 12 आठवडे चेहऱ्याच्या एका बाजूला 5 टक्के नायसिनमाइडचं क्रीम आणि दुसऱ्या बाजूला ते नसलेलं लावलं. नायसिनमाइडच्या बाजूला बारीक सुरकुत्या आणि काळसर डाग कमी झालेले दिसले. तिसरं नाव ग्लिसरीन, ओलावा धरून ठेवणारं, जुनं आणि भरवशाचं.

म्हणजे काकूंच्या लेकीला ‘छान वाटतंय’ असं वाटत असेल तर ते खरंच असेल. फक्त राबतात ग्लिसरीन आणि नायसिनमाइड, आणि सत्कार होतो तांदळाच्या पाण्याचा.

दोन गोष्टी ज्या सारख्या कानावर येतात

पहिली, साकेची. जपानमध्ये तांदळाची साके ही दारू करणाऱ्या म्हाताऱ्या कामगारांचे चेहरे सुरकुतलेले, पण हात तरुण, आणि त्यावरून शोध लागला, अशी ही कथा. 1980 मध्ये तिकडे बाजारात आलेल्या एका प्रसिद्ध ब्रँडनं ती जगभर पोचवली. कथा गोड आहे. पण त्या कामगारांचे हात दिवसातले कितीतरी तास त्या रसायनात असत आणि चेहऱ्याइतकं ऊन हातांना लागत होतं का, हाही प्रश्न आहेच. आपण दोन थेंब लावतो. कथेवरून शोध सुरू होऊ शकतो, तिथे संपत नाही.

याच परंपरेतून एक पक्की गोष्टही मिळाली आहे. साकेसाठी तांदळावर जी कोजी बुरशी वाढवतात, तिच्यापासून कोजिक ॲसिड मिळालं. तो एक नेमका रेणू आहे, त्वचेचा रंग तयार होण्याची क्रिया तो मंदावतो, म्हणून डागांसाठी वापरतात. युरोपनं 2024 मध्ये चेहऱ्याच्या आणि हातांच्या उत्पादनांसाठी त्याला 1 टक्क्याची मर्यादा घातली. ओळख पटलेला, मोजता येणारा पदार्थ कसा असतो, त्याचं हे उदाहरण. ‘फर्मेंटची किमया’ हे काही मोजता येत नाही.

दुसरी गोष्ट, ‘आंबवल्यानं रेणू लहान होतात आणि त्वचेत खोल शिरतात’. यात तथ्याचा अंश आहे. सोयाबीनमध्ये जेनिस्टिन नावाचं द्रव्य असतं, त्याला साखर चिकटलेली असते. आंबवताना ती साखर सुटते आणि छोटं, त्वचेत शिरायला सोपं असं जेनिस्टेइन उरतं. पण हे झालं सोयाबीनमधल्या एका द्रव्याचं. प्रत्येक फर्मेंटनं आपापलं सिद्ध करायला हवं. शिवाय खोल शिरणं हे नेहमी चांगलंच असं नाही, आणि ग्लिसरीनसारखी गोष्ट वरच्या थरातच थांबून उत्तम काम करते.

मग घरीच आंबवू का?

काकू, हे तुमच्यासाठी. तांदळाचं पाणी दोन दिवस ठेवून चेहऱ्याला लावायचे व्हिडिओ खूप फिरतात. नको. इडलीचं पीठ आपण वाफवतो, शिजवतो. चेहऱ्यावर लावायचं पाणी तसंच कच्चं जातं, त्यात कोणते जंतू वाढले ते आपल्याला दिसत नाही, ते किती आंबट झालं ते मोजलेलं नसतं. मुरमं फुटलेली असतील, त्वचा सोललेली असेल, तर त्यावर असलं काही अजिबात लावू नका.

विकतची बाटली घेतलीच असेल तर आधी हाताच्या आतल्या बाजूला, कोपराजवळ, रुपयाएवढ्या जागी आठवडाभर लावून बघा. खाज, लाली आली नाही तर मग चेहऱ्याला.

काकूंच्या बाटलीचा निकाल

तर काकू, लेकीशी भांडू नका. बाटली वाईट नाही. ओलावा देणारं, नायसिनमाइड असलेलं ते एक ठीकठाक उत्पादन आहे. तिला सोसत असेल तर संपवू दे. पण रोज 4 मिली लागलं तर ती 25 दिवसांत संपेल, म्हणजे दिवसाला 108 रुपये. ग्लिसरीन आणि नायसिनमाइड असलेली कितीतरी उत्पादनं याच्या पाव किमतीत मिळतात. पुढच्या वेळी ती घ्या म्हणावं, आणि उरलेल्या पैशांतून सनस्क्रीन.

आणि सनस्क्रीनवरून माझी राहिलेली गोष्ट. त्या आठ महिन्यांत मला बाटलीनं काही अपाय केला नाही. नुकसान झालं ते दुसरंच. ‘आपण काहीतरी लावतोय’ या समाधानात मी सनस्क्रीन लावतच नव्हते, आणि डॉक्टरांकडेही गेले नाही. डाग पसरत गेले. शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले, तेव्हा त्यांनी बाटली हातातसुद्धा घेतली नाही. एवढंच विचारलं, ‘‘उन्हातून गाडीवर जाता ना? चेहऱ्याला सनस्क्रीन काय लावता?’’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. वांगाच्या उपचारात उन्हापासून बचाव ही पहिली पायरी, बाकी सगळं त्याच्यानंतर. ती पायरीच मी आठ महिने गाळली होती. डाग आता फिके आहेत, पण पूर्ण गेलेले नाहीत.

म्हणून मी आता कोणतीही बाटली हातात घेतली की हे पाच प्रश्न विचारते, आणि त्यांच्याही आधी स्वतःला एक विचारते: हिच्या भरवशावर मी करायला हवं असलेलं दुसरं काय टाळतेय?

तुमच्या घरातल्या एखाद्या बाटलीची यादी वाचून बघा आणि फिनॉक्सिएथेनॉलच्या आधी काय आहे, नंतर काय आहे, ते मला व्हॉइस नोटवर कळवा. आणि काकू, इडल्या केल्यात की फोटो पाठवा. तेवढं एक फर्मेंट असं आहे, ज्याच्या फायद्याबद्दल मला पुरावा नको.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या, सनस्क्रीन लावा. नमस्कार!